‘पित्त’ म्हणजे नेमकं कोणतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीतला पित्तावरच्या घरगुती उपायांचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. आंबट ढेकर, अंगावर उठणाऱ्या गांधी आणि पित्ताशयातले खडे, तिन्हींना एकच ‘पित्त’ धरून त्यात आमसूल, सब्जा, धन्याचं पाणी असे उपाय एका रांगेत दिले आहेत. या एका शब्दापायी गेल्या वर्षी आमचे नऊ दिवस वाया गेले.

मी साताऱ्यात पोळीभाजी केंद्र चालवते. चैत्रात गावच्या जत्रेहून परतलो त्या रात्री यजमानांना उजव्या बरगडीखाली कळ आली, ती पाठीत फऱ्यापर्यंत गेली. मटणाचा तर्रीदार रस्सा झाला होता, तेव्हा मी म्हटलं, पित्त वाढलंय. खायचा सोडा दिला. तीन दिवसांनी अंगाला खाज सुटली. गांध एकही दिसत नव्हती, तरी ‘पित्त उठलंय’ म्हणून मीच आमसुलाचं पाणी चोळलं. मग डोळे पिवळे झाले आणि शेजारच्यांच्या सांगण्यावरून काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे गेलो. नवव्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा कुठे दवाखाना गाठला. सोनोग्राफीत दिसलं, पित्ताशयातला एक खडा घसरून पित्तनलिकेत अडकला होता.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एका कागदाच्या पाठीवर आकृती काढून मला समजावलं. पित्तरस पित्ताशयात तयार होत नाही, तो यकृतात होतो. दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही फक्त साठवणीची पिशवी, तिच्यात 30 ते 50 मिलीलिटर मावतो. मग एवढा रस राहतो कसा? तर पिशवी त्यातलं पाणी शोषून घेते आणि तो पाच ते दहा पट दाट होतो, आपण दूध आटवून बासुंदी करतो तसा. पित्तनलिका लहान आतड्यात जिथे उघडते तिथे स्नायूचं एक कडं असतं. आपण उपाशी असलो की ते आवळलेलं, म्हणून रस मागे फिरून पिशवीत भरतो. तेला-तुपाचा घास जठरातून लहान आतड्यात उतरला की आतड्याचं अस्तर कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतं. त्यासरशी पिशवी आकुंचन पावते, कडं सैलावतं आणि रस अन्नावर पडतो. जत्रेच्या रात्री पिशवी अशीच आवळली आणि खडा पुढे ढकलला गेला.

पित्तरसात पाचकद्रव्य नसतं, हे मला नवं होतं. तेलकट डबे नुसत्या पाण्याने निघत नाहीत, साबण लागतो, हे मी रोज बघते. पित्तरसातले क्षार, म्हणजे पित्तक्षार, तेच करतात, चरबीचे बारीक थेंब करतात. मग स्वादुपिंडाचा रस ते पचवतो. आणि काम झालं की सुमारे 95 टक्के पित्तक्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून शोषले जाऊन परत यकृतात येतात. एवढी काटकसर माझ्या स्वयंपाकघरातही नाही.

हा रस आतड्यात पोहोचलाच नाही तर काय होतं, हे आम्ही घरात बघत होतो, पण आम्हाला कळलं नाही. शौचाचा रंग जातो, कारण तो तपकिरी रंग पित्तरसातल्या बिलिरुबिन नावाच्या पिवळ्या रंगद्रव्यापासूनच येतो. यजमानांची शौच शाडूच्या मातीसारखी पांढुरकी होत होती आणि लघवी कोऱ्या चहासारखी. त्यांनी चार दिवस संकोचाने सांगितलं नाही. रक्त काढलं त्या जागी ते लवकर थांबेना, कारण चरबीबरोबर शोषलं जाणारं के जीवनसत्त्व अंगी लागत नव्हतं. त्याची इंजेक्शनं आधी द्यावी लागली.

तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढला, नंतर पोटाला छोटी छिद्रं पाडून पित्ताशय. माझ्या आईचं हेच ऑपरेशन 1984 साली झालं तेव्हा वीतभर टाके होते. दुर्बिणीने पित्ताशय काढणं भारतात 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी सुरू केलं. यजमान तिसऱ्या दिवशी घरी आले. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, पिशवी काढली, आता पित्त कुठून येणार? यकृत आहे की. रस साठत नाही, थोडा थोडा थेट आतड्यात उतरत राहतो. पहिले काही आठवडे मी त्यांना कमी तेलाचं, थोडं थोडं चार-पाच वेळा वाढलं. आता सगळं चालतं.

संपादकसाहेब, सब्जा आणि धन्याचं पाणी जरूर छापा, पण ते कशासाठी तेही लिहा. छातीत जळजळतं ते जठरातलं आम्ल, गांधी उठतात ती ॲलर्जी आणि यकृतातून येतो तो पित्तरस, असे वेगवेगळे शब्द वापरा. डोळे पिवळे आणि शौच पांढुरकी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, हे ठळक चौकटीत द्या. डॉक्टरीणबाईंनी काढलेली आकृती मी केंद्रातल्या ओट्याशेजारी चिकटवली आहे. पुरवणीसाठी हवी असेल तर फोटो काढून पाठवते.

आपली,
एक वाचक, सातारा