पाठ धरणाऱ्या सिस्टरताईंस

आदरणीय सिस्टरताई,
सा. न. वि. वि.

एलपीच्या, म्हणजे कमरेत सुई घालून मज्जारज्जूभोवतालचं पाणी काढण्याच्या, नोंदीखाली सही डॉक्टरची असते. पण ती जमते की फसते, हे बरंचसं पेशंट कसा धरलाय यावर ठरतं, आणि धरता तुम्ही. म्हणून इंदूरच्या आम्हा मराठी रेसिडेंट मंडळींचे हे जाहीर आभार.

पेशंट पलंगाच्या अगदी कडेला, कुशीवर, गुडघे पोटाशी, मध्ये उशी. वरचा खांदा पुढे कलला की मणके पिळले जातात आणि मधोमध घातलेली सुईही बाजूला जाते. तो खांदा तुम्ही कधीच कलू देत नाही. लहान मुलाची मान दाबून वाकवू देत नाही, कारण श्वास अडतो आणि मणक्यांमधली फट उघडायची असते ती कमरेत. तुमचं "भैया, घुटने पेट से लगाओ, पीठ बाहर निकालो" हे गावाकडच्या पेशंटला आमच्या पुस्तकी हिंदीपेक्षा लवकर कळतं.

कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेघ साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. सुई त्याच्या लगेच वरच्या किंवा खालच्या फटीत. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्यामुळे फार वर सरकायचं नाही. 22 गेजची सुई, तिरपं तोंड छताकडे, रोख बेंबीकडे. उजव्या पायात कळ गेली तर सुई उजवीकडे भरकटलीय; कातडीखालपर्यंत मागे घेऊन मध्याकडे वळवायची. हाड लागलं तरी तसंच मागे घ्यायचं, रेटायचं नाही.

"प्लेटलेट किती? सीटी लागेल का?" (डोक्याचा सीटी स्कॅन) हे तुम्ही ट्रे मांडण्याआधीच विचारता. प्लेटलेट 40,000 च्या खाली, शुद्ध हरपत चाललेली, नव्यानं आलेली फिट, एका बाजूची कमजोरी: इथे थांबायलाच हवं. मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाच्या जंतुसंसर्गाची) शंका असेल तर अँटिबायोटिक मात्र सीटीसाठी थांबत नाही, तेही तुम्ही आधीच भरून ठेवलेलं असतं.

या पाण्याचं प्रेशर मोजण्याआधी "पाय सैल सोडा" ही तुमची हाक. पोट दाबलेलं असलं तर आकडा खोटाच वाढतो. पाणी थेंबथेंब पडू द्यायचं, सिरिंजनं ओढायचं नाही. टीबीची शंका असेल तर 6 मिलीच्या खाली भागत नाही. पाण्यातल्या साखरेशी ताडायला रक्तातली साखरही त्याच वेळी तपासायची. आणि काढताना स्टायलेट (सुईच्या आतली तार) परत आत घालून मगच सुई बाहेर.

नंतर उताणं झोपवून ठेवल्यानं डोकेदुखी टळत नाही, हे नातेवाइकांना समजावण्याची तुमची चिकाटी आमच्यात नाही.

नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचला नाही तर पेशी फुटू लागतात. वॉर्डबॉय नसला की तुम्हीच जिना उतरता. ती खेप यापुढे आमची.

आपले,
रात्रपाळीचे रेसिडेंट