स्मृती शिबिर ठेवताय? आधी नोंदवही आखा

संपादक महोदय,

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने घरातली तरुण सून किंवा लेक गेली, की वर्षश्राद्धाच्या सुमारास तिच्या स्मृतिप्रीत्यर्थ तपासणी शिबिर ठेवावे असे घरच्यांना आणि गावातल्या महिला मंडळाला वाटते. अशा आठवणीत ताकद असते. इंग्लंडमधल्या टीव्हीवर गाजलेली जेड गुडी २००८ मध्ये ‘बिग बॉस’च्या दुसऱ्या पर्वासाठी भारतात आली आणि आजाराची बातमी तिला इथेच कळली. २२ मार्च २००९ रोजी, २७व्या वर्षी ती गेली. त्या वर्षभरात इंग्लंडमध्ये नेहमीपेक्षा चार लाखांहून अधिक जादा तपासण्या झाल्या. मात्र तिथे बाईला तपासणीचे बोलावणे घरी येते, निकालही घरी येतो. आपल्याकडे पंचायत सभागृहातल्या खुर्च्या उचलल्या की शिबिर संपते.

म्हणून तारीख ठरवण्याआधी एक काम करा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीच्या गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) स्त्रीरोग विभागाशी बोलून, शिबिरात संशयित ठरणाऱ्या बायकांना कोणत्या वारी, कोणत्या खिडकीवर पाठवायचे ते लिहून घ्या. ते ठरत नसेल तर शिबिर पुढे ढकला. शिगमा, चतुर्थी आणि काजूचा हंगाम टाळा, कारण त्या दिवसांत बायका येत नाहीत.

बोलवायचे ३० ते ६५ वयाच्या विवाहित बायकांना. कॉलेजच्या मुली आणून गर्दी दाखवण्याचा मोह होतो, तो आवरा. गर्भाशयमुखाच्या पेशींतले विशीतले बरेचसे बदल आपोआप निवळतात आणि नसते उपचार मागे लागतात. जेडच्या मृत्यूनंतर इंग्लंडमध्ये वयोमर्यादा खाली आणण्याची मागणी झाली होती, पण तिथल्या तज्ज्ञांनी २५ वर्षांचीच मर्यादा कायम ठेवली. पाळीच्या दिवसांत येऊ नये, आधीचे दोन दिवस संबंध आणि योनिमार्गात घालायच्या गोळ्या टाळाव्यात, हे निमंत्रणातच छापा. संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल, तर त्या बाईने शिबिराची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठावे.

शिबिरात साधी आणि स्वस्त तपासणी म्हणजे व्हीआयए. गर्भाशयमुखावर ५ टक्के ॲसिटिक ॲसिड लावून पूर्ण एक मिनिट थांबायचे आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचे. ९५ मिली शुद्ध पाण्यात ५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड असे हे द्रावण त्याच दिवशी करावे, उरलेले ओतून द्यावे. प्रमाण चुकून तीव्र झाले तर भाजते. घाईत अर्ध्या मिनिटातच पाहिले तर डाग निसटतो. मिणमिणत्या बल्बखालीही निसटतो, म्हणून चांगला हॅलोजन दिवा आणि वीज गेली तर बॅटरी हवीच. एका टेबलावर तीन तासांत पंधरा-अठरा बायका नीट होतात, साठ होत नाहीत. प्रत्येकीला वेगळा निर्जंतुक स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून धरायचे उपकरण), म्हणजे वीस बायकांना पंचवीस आणलेले बरे. ज्या भागात बदल होतात तो पन्नाशीनंतर आत सरकतो, व्हीआयए भरवशाची राहत नाही. अशांना पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन तपासणे) किंवा एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या चाचणीसाठी पाठवा. पॅपची काचपट्टी काही सेकंदांत ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवावी लागते. तेवढ्यात पंख्याखाली सुकली तर पेशी वाचता येत नाहीत आणि बाईला पुन्हा बोलवावे लागते. ती सहसा येत नाही.

व्हीआयए पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, हे तिथेच बसवून सांगा. पूर्वावस्थेतून कॅन्सर व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात आणि त्या काळात कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुख पाहणे) करून तो भाग थर्मल यंत्राने अर्ध्या मिनिटात जाळता येतो.

आता नोंदवही. नाव, वय, वाडा एवढ्याने भागत नाही. बाईचा स्वतःचा फोन, तिला चालेल अशा दुसऱ्या माणसाचा फोन आणि कोणत्या वेळी फोन करायचा, हे तिलाच विचारून लिहा. नवऱ्याच्या मोबाईलवर दिलेला निरोप कधी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, तर कधी सगळ्या वाड्यावर पोहोचतो. पुढे तीन रकाने ठेवा: इस्पितळाची तारीख, गेली की नाही, काय झाले. सातव्या दिवशी आणि महिन्याने वही उघडायची, हे काम एका ठरावीक बाईकडे द्या. ‘मंडळ पाहील’ म्हटले की कोणीच पाहत नाही. काणकोणहून बांबोळीला यायचे तर मडगावला बस बदलावी लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. पाच-सहा जणींना एका गाडीने, सोबत आशाताई किंवा मंडळातली एक बाई देऊन नेले तर जातात. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड चालू आहे का, तेही निघण्याआधी पाहा.

फलक, शाली आणि पाहुण्यांचे पुष्पगुच्छ यांचे पैसे वाचवले तर घरातल्या मुलींना एचपीव्हीविरुद्धची लस देता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ मध्ये आली, तेव्हा दोन मात्रांच्या कुपीची किंमत २,००० रुपये होती. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा, पंधरापासून पुढे तीन. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी चुकत नाही, म्हणून तिचेही नाव वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवावे.

— गर्भाशयमुख तपासणीच्या कामातील काही निवृत्त परिचारिका व प्रयोगशाळा तंत्रज्ञ, फोंडा