चक्कीच्या भिंतीवरचा नंबर

मुंबई,
२६ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पऱ्हाटीची दुसरी वेचणी उरकली का? मजूर मिळत नाहीत म्हणून आई स्वतः ओळीला लागली असेल, तर तिला बाबांनी रागवावं. कमरेचं दुखणं ती फोनवर कधी खरं सांगत नाही.

आज पत्र लिहिते आहे, कारण चक्कीवाल्या चाचांचा विषय काढला की बाबा फोन आईकडे देतात.

सकाळी सीएसएमटीला उतरले तर स्मृतिफलकापाशी ताजी फुलं होती. २००८ साली याच तारखेला रात्री लांबच्या गाड्यांची वाट पाहत माणसं बोचकी उशाला घेऊन बसली होती. त्यांच्यावर दोघांनी गोळ्या झाडल्या. एकट्या या स्टेशनात पन्नासहून जास्त जीव गेले, आणि २९ तारखेच्या सकाळपर्यंत साऱ्या शहरात मिळून १६६. आपला काका तेव्हाच लोकलमधून उतरत होता, वेचणीला घरी यायला. वर केबिनमधला उद्घोषक जागचा हलला नाही, मागच्या बाजूनं बाहेर पडा, असं सांगत राहिला. त्या आवाजामागं चालत गेलो म्हणून वाचलो, असं काका आजही सांगतो.

पण आपल्याला हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. तोवरची रात्र मला लख्ख आठवते. मी दहावीत होते. टीव्ही चाचांकडे, म्हणून अर्धा गाव त्यांच्या चक्कीपुढं. काकाच्या मुकादमाचा नंबर चाचांनी कोळशानं भिंतीवर लिहिला आणि लावत बसले. फोनची बटणं पिठानं पांढरी झाली होती. बाबा, तुम्ही बाजेवर डोकं धरून बसला होता. "तू बस भाऊ, मी लावतो. लागतेच," एवढंच ते दर वेळी म्हणायचे. चाची मधूनमधून चहा आणून ठेवत होती, तो तसाच गार होत होता. पहाटे आई अंगणात गेली तर चाचा नमाज आटोपून पुन्हा फोनपाशी आले होते.

सकाळी दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे साहेब हल्ल्यात गेल्याची बातमी टीव्हीवर दिसली. ते आपल्या वर्ध्यात शिकलेले, पुढं चंद्रपूरला एसपी होते, हे तुम्हीच मला सांगितलंत, आणि सांगताना तुमचा आवाज फुटला. त्या दिवशी चाचांनी चक्की बंद ठेवली.

पुढं पेपरात आलं, की मुंबईच्या बडा कब्रस्ताननं त्या मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना जागा द्यायला नकार दिला. ती बातमी चाचांनी तुम्हाला दाखवली होती, बोट ठेवून. त्या वर्षीच्या बकरी ईदला कितीतरी मुसलमानांनी दंडावर काळ्या फिती बांधल्या होत्या. आपल्या घरी शिरखुर्मा तर दर ईदला यायचाच.

आता आई सांगते, तुम्ही दळण सायकलला बांधून शेजारच्या गावी नेता. गुडघा दुखतो तरी. कुणीतरी मोबाईलवर काही पाठवलं, तुम्ही ते वाचलं, आणि तीस वर्षांची वाट सोडली. बाबा, तो मजकूर लिहिणारा कोण, हे तुम्हाला माहीत नाही. चाचा मात्र माहीत आहेत. बाहेरून आलेल्या दहा जणांना आपण एकमेकांना नको व्हावं, हेच तर हवं होतं, असं मला वाटतं. ते तेव्हा घडलं नाही. आता तुमच्या हातून घडावं, हे मला फार लागलं. रागावून लिहीत नाही, पण मनातलं दडवतही नाही.

आई, तूही तिकडे जाणं थांबवलंस, असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं. चाचीला तुझं हरभऱ्याच्या पानांचं घोळाणं फार आवडायचं, नाही का?

मला पुढच्या आठवड्यात चार दिवस रजा आहे. घरचं ज्वारीचं दळण तोवर नेऊ नका. मी आल्यावर आपण दोघं जाऊ, तुम्ही सायकल धरा, मी डबा धरते. भिंत रंगवली असली तरी तो नंबर कुठं होता, ते मी दाखवीन.

औषध वेळेवर घ्या.

तुमची,
ताई