बोटाला चीर देऊ नकोस

प्रिय अवि,

स. न. वि. वि.

बोटाचा फोटो पाहिला. आधी एकच सांगतो: कुणालाही चीर देऊ देऊ नकोस. नखुरडं म्हटलं की आपल्याकडे बोट लिंबात खुपसतात, नाहीतर सुई तापवून पू काढायला बसतात. मला तरी तुझं नखुरडं हर्पिस सिम्प्लेक्सचं दिसतंय. तापानंतर ओठांवर फोड उठवतो, तोच हा विषाणू. (नागीण नव्हे, तिचा विषाणू वेगळा.) यात काढायला पू नसतोच.

फोडांआधी एकदोन दिवस बोट झिणझिणलं, आग झाली, असं तू लिहितोस. ही पहिली खूण. मग लाल कातडीवर पाण्याचे बारीक फोड घोळक्याने येतात, एकमेकांत मिसळतात, आतलं पाणी गढूळ होतं आणि माणूस ते पू समजून फसतो. ठणका दिसण्याच्या मानाने फारच जास्त असतो. बोटाच्या शेंड्याचा मांसल गर हलकेच दाबून बघ. जिवाणूंनी आत पू धरला असेल तर तो ताणून टणक होतो, यात बहुधा मऊच राहतो. चीर दिली की विषाणू पसरतो, जखमेत जिवाणू शिरतात आणि 2-3 आठवड्यांत आपोआप बरं होणारं दुखणं लांबतं.

आजच डॉक्टरांना दाखव. शंका वाटली तर ते फोडातल्या पाण्याची पीसीआर (विषाणू ओळखायची) तपासणी करतील. औषध एसायक्लोविर. मोठ्यांना सहसा 400 मिलीग्रॅमची गोळी दिवसातून 3 वेळा, 7 ते 10 दिवस देतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा बदलते, तेव्हा तुझं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) त्यांना सांग. पहिल्या 48 तासांत सुरू केली तर खरा उपयोग. दुखण्याला पॅरासिटामॉल, बोटावर कोरडी, सैल पट्टी. दुकानदार देईल ती स्टेरॉइड मिसळलेली मलमाची ट्यूब मुळीच लावू नकोस.

विषाणू मज्जातंतूच्या गाठीत दडून राहतो, त्यामुळे पुन्हा त्याच बोटाला उठू शकतं, सहसा सौम्य. झिणझिण्या आल्या की लगेच गोळीचं विचार. गर टणक झाला, लाल रेघ मनगटाकडे चढली किंवा ताप भरला, तर मात्र थांबू नकोस. तेव्हा जिवाणू शिरलेले असू शकतात.

खपल्या धरेपर्यंत पोरांना भरवू नकोस, टॉवेल वेगळा ठेव. आणि कॉन्टॅक्ट लेन्स बंद, चष्मा लाव. त्या बोटाने डोळा चोळलास तर बुबुळाला व्रण होऊ शकतो, आणि तो नजरेवर जाऊ शकतो.

तुझा,
मिलिंद