पोटरीतले गोळे आणि ज्येष्ठमध

महोदय,

म्हातारपणी रात्री-अपरात्री पोटरीत गोळे येतात. त्यावर जपानमध्ये ‘शाकुयाकु-कान्झो-तो’ हे काम्पो (जपानी पारंपरिक वनौषधी पद्धतीचे) औषध सर्रास देतात. दिवसाच्या मात्रेत दोनच जिन्नस: पिओनी या फुलझाडाचे मूळ ६ ग्रॅम, ज्येष्ठमध ६ ग्रॅम. गुण लवकर येतो, म्हणूनच लोक ते महिनोन्‌महिने घेत राहतात. घोटाळा होतो तो तिथे.

ज्येष्ठमधातला ग्लायसिरायझिन हा घटक मूत्रपिंडात कॉर्टिसॉल हे संप्रेरक निकामी करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) रोखतो. मग अंगात मीठ-पाणी साठते आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. रक्तदाब चढतो, घोटे सुजतात, जिना चढताना मांड्यांत बळ राहत नाही. पोटॅशियम उतरल्यानेही गोळे येतात. रुग्ण बिचारा आणखी एक पुडी फोडतो! फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो.

काम्पोतल्याच सर्दीवरच्या काक्कोन-तोमध्ये २ ग्रॅम, चिडचिडीवरच्या योकुकानसानमध्ये १.५ ग्रॅम ज्येष्ठमध असतो. तिन्ही पुड्या एकाच घरात असतात, बेरीज मात्र कुणी करत नाही. खोकल्याला कधीमधी काडी चघळणे वेगळे. पण आपल्याकडेही ज्येष्ठमधाचा काढा रोज घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांनी डॉक्टरांना तसे सांगून पोटॅशियम तपासून घ्यावे.

– एक फार्मासिस्ट, ठाणे