बायच्या हॉलसाठी

कुडाळ

प्रिय बाय,
अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीच्या फ्लॅटच्या हॉलसाठी तू पाठवलेले फोटो आईच्या मोबाइलवर मोठे करकरून पाहिले. मिड-सेंच्युरी मॉडर्न म्हणजे काहीतरी अंगावर येणारे असेल, अशी धास्ती होती. पण हे तर आपल्या सुतारशाळेतले काम! खाली निमुळते होत गेलेले पाय, सरळ चौकट, वेताची जाळी, नक्षीला फाटा. हे फर्निचर दुसऱ्या महायुद्धानंतर डेन्मार्कमध्ये, अमेरिकेत भरात आले. डेन्मार्कवाले तेव्हा सागवान नेत होते ते आशियातूनच. आपल्याकडे चंडीगड उभे राहत होते, तेव्हा ते शहर आखणाऱ्या ल कॉर्ब्युझिए या वास्तुकाराचा नात्यातला भाऊ पिएर जानरे याने तिथल्या कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या बनवून घेतल्या. पुढे त्यातल्या कितीतरी मोडीत निघाल्या आणि आता परदेशी लिलावांत लाखांनी जातात. कारकुनांनी घासून घासून गुळगुळीत केलेल्या खुर्च्या गो! मला हसू आवरले नाही.

तेव्हा कर, बिनधास्त कर. फक्त प्रत्येक वस्तू घेताना एक विचार: ही जुलैत कशी दिसेल? फोटोतल्या घरांना आपला पाऊस माहीत नाही.

ऑनलाइन मिळणारा तो टीव्हीखालचा लांब कपाटवजा बाक (साइडबोर्ड म्हणतेस तो) बहुतेक एमडीएफचा असतो, वर सागाच्या रंगाचा कागद. एमडीएफ म्हणजे दाबलेला भुसा. कडेने ओल शिरली की फुगतो, आणि फुगलेला परत बसत नाही. प्लायच घ्यायचा तर त्यावर आयएस 710 चा शिक्का बघ, तो मरीन प्लाय, पाण्याला टिकणारा. कापलेल्या कडा उघड्या ठेवू देऊ नको. आणि ते काळ्या सळीचे वाकवलेले पाय मनातून काढून टाक. खाऱ्या वाऱ्यात रंगाला एक ओरखडा पुरतो, तिथून गंज आत शिरतो आणि तुझ्या पांढऱ्या लाद्यांवर तांबडे डाग. पाय लाकडाचे, स्क्रू पितळेचे.

पायांबद्दल आणखी थोडे, कारण या सगळ्या फर्निचरचा जीव तिथेच आहे. बाहेर झुकलेला पाय दिसतो छान, पण नुसता पत्र्याच्या पट्टीने प्लायला ठोकला तर वर्षभरात डुलायला लागतो. खाली चारही बाजूंनी सागाची चौकट घालायची आणि पाय तिच्यात सांध्याने बसवायचा. उंची सात-आठ इंच ठेवू. झाडू-फडके सहज फिरते, खाली हवा खेळते, आणि वाळवी चढू लागली तर तिची मातीची रेघ डोळ्यांना दिसते. जमिनीला टेकलेल्या कपाटामागे काय चालले आहे ते कळते तेव्हा उशीर झालेला असतो. भिंतीपासूनही चार बोटे पुढे ठेव. तुझी पश्चिमेची भिंत पावसाचा मारा खाणारी, म्हणून तिथे वॉलपेपरचा हट्टही नको. एकाच भिंतीला गेरूचा रंग दे. मोहरीपिवळा आणि शेवाळी रंग त्या शैलीत चालतात, ते उशांच्या अभ्र्यांना ठेव. विटले की बदलता येतात.

लाकूड मी बघतो. जुने घर उतरवले की तुळया, खांब, दाराच्या चौकटी विकायला निघतात. तो साग वर्षानुवर्षे वाळलेला असतो, पीळ घेत नाही. गाभ्याचे लाकूड तेवढे निवडायचे, बाहेरच्या फिकट भागाला कीड लागते. आतले खिळे मात्र एकेक शोधून काढावे लागतात, नाहीतर रंध्याचे पाते गेले. साग कमी पडला तर फणस घालू. आज पिवळाजर्द दिसेल, दोन-चार वर्षांत तपकिरी होऊन सागाजवळ येतो. फोटोतल्या अक्रोडाच्या मागे लागू नको.

खुर्च्यांना वेतच. डेन्मार्कचा फर्निचर घडवणारा वेग्नर, त्याच्या 1949 सालच्या त्या प्रसिद्ध ‘विशबोन’ खुर्चीची बैठक कागदी दोरीने विणलेली असते. काम सुरेख आहे, पण आपल्या दमट हवेत मला तिचा भरवसा नाही. वेताची जाळी सैल पडली तर खालच्या बाजूने कोमट पाणी मारून सावलीत वाळवायची, पुन्हा ताणून बसते. पावसाळ्यात बुरशीचा ठिपका दिसला की लगेच कोरड्या फडक्याने पूस.

एक गोष्ट मात्र ऐकायचीच. फोटोतल्या खुर्च्या पंधरा-सोळा इंचांवर आहेत. आजी आली की तिला त्यातून उठवायला दोघे लागतील. दोन खुर्च्या तशा ठेव हव्या तर, पण एक अठरा इंचाची, हात धरून उठता येईल अशी.

गालिचा नको. सतरंजी घाल, मृग लागला की गुंडाळून माळ्यावर टाक.

शोभेच्या वस्तूंवर पैसे घालू नको. अमेरिकेतले चार्ल्स आणि रे ईम्स हे जोडपे, ज्यांची ती गाजलेली आरामखुर्ची तू पाठवलीस, 1958 मध्ये भारत सरकारसाठी अहवाल लिहायला आले होते. अहमदाबादची डिझाइनची संस्था त्यातूनच पुढे उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वांत जास्त कौतुक कशाचे केले असेल? लोट्याचे. आजीचा पितळी तांब्या आपल्या फडताळात पडून आहे, तो चिंचेने घासून देतो. साइडबोर्डवर तो आणि सावंतवाडीची दोन लाकडी फळे. बाकी फळी मोकळी राहू दे, भरायची घाई करू नको.

आता कामाचे. लाखेचे पॉलिश दमट हवेत केले की पांढरट पडते, म्हणून मृगाच्या आत सगळे उरकायला हवे. दोन्ही भिंतींची लांबी, खिडकीच्या खालच्या काठाची जमिनीपासून उंची आणि स्विचबोर्ड कुठे आहेत, एवढे कागदावर काढून पाठव. लिफ्टचे दार आणि जिन्याचे वळणही मोज. सहा फुटी साइडबोर्ड वर चढणार नसेल तर तो दोन तुकड्यांत करावा लागेल, आणि ते मला लाकूड कापायच्या आधी कळले पाहिजे.

तुझे,
बाबा