मेल सर्व्हर बसवा, पण ‘डिसेबल्ड’ लिहून जाऊ नका

महोदय,

ई-मेल हॅक होऊन पैसे गेल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात आणि शेवटी ‘पासवर्ड कुणाला सांगू नका’ असा सल्ला असतो. तो मेल वापरणाऱ्यांसाठी ठीक आहे. सर्व्हर बसवून देणाऱ्यांना, ‘एसईलिनक्स हा सर्व्हरवरचा पहारा बंद करून जाऊ नका’ असं, मात्र कुणीच सांगत नाही, म्हणून हे पत्र.

सांगली जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेत मी संगणक विभाग सांभाळते. आमचा मेल सर्व्हर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर आहे. बाहेरून येणारं मेल पोस्टफिक्स नावाचा प्रोग्रॅम घेतो आणि डोव्हकॉट हा दुसरा प्रोग्रॅम ते लोकांना फोनवर, संगणकावर दाखवतो. गेल्या उन्हाळ्यात जागा पुरेना म्हणून कंत्राटदाराच्या माणसाने सगळ्या मेलबॉक्स नव्या डिस्कवर हलवल्या आणि कुणाचंच मेल उघडेना. फाइलींचे मालक बरोबर, परवानग्या बरोबर, तरी लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, ‘परमिशन डिनाइड’ (परवानगी नाकारली). त्याने ‘सेटएनफोर्स ०’ ही अडवणं तात्पुरतं थांबवणारी कमांड मारली, मेल सुरू झालं. मग सेटिंगच्या कॉन्फिग फाइलीत ‘डिसेबल्ड’ (बंद) लिहून, सर्व्हिस रिपोर्टवर सही घेऊन स्वारी निघून गेली.

त्याने जे बंद केलं ते एसईलिनक्स. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने ते २००० साली खुलं केलं आणि २००३ पासून ते लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आहे. नेहमीच्या पद्धतीत फाइल कुणाला दाखवायची हे तिचा मालक ठरवतो आणि रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, तर सगळंच मोकळं. एसईलिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) आणि प्रत्येक फाइलला एक लेबल असतं. कोणत्या लेबलने कशाला हात लावायचा हे कर्नल नियमांवरून ठरवतो आणि रूट म्हणून चालणारी सेवाही त्यातून सुटत नाही. पोस्टमनने पत्र टाकायला फाटकापर्यंत यावं, कपाट उघडू नये, एवढाच त्याचा अर्थ.

हे मेल सर्व्हरलाच जास्त का लागतं? तो पंचवीस नंबरच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावर, जगातल्या कुणाही अनोळख्याचा मजकूर स्वीकारतो. एक्झिम या मेल सर्व्हरमध्ये २०१९ साली असं भगदाड सापडलं, की पत्त्याच्या जागी ठरावीक मजकूर घालून रूटच्या अधिकाराने हुकूम चालवता येत होते. ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांना त्याचा धोका होता. असं भगदाड एसईलिनक्स बुजवत नाही. पण आत शिरलेला माणूस, कर्नलमध्येच दोष नसेल तर, मेल सर्व्हरला आखून दिलेल्या हद्दीत अडकतो. पगारपत्रकं आणि प्रश्नपत्रिकांपर्यंत त्याचा हात सहजासहजी पोहोचत नाही.

आमच्याकडचा खरा घोळ किरकोळ होता. नव्या डिस्कवरच्या फोल्डरला मेलचं लेबल नव्हतं, ‘डिफॉल्ट_टी’ हे सर्वसाधारण लेबल होतं, आणि डोव्हकॉटला ते वाचायची मुभा नाही. ‘सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट’ या कमांडने त्या फोल्डरला मेलचं लेबल ठरवून द्यायचं आणि ते प्रत्यक्ष लावणारं ‘रिस्टोरकॉन’ चालवायचं, की काम झालं. दोन ओळी! वेबसाइटवरचा प्रवेशअर्जाचा फॉर्म मेल पाठवत नाही, ही अशीच दुसरी नेहमीची तक्रार. त्यासाठी ‘एचटीटीपीडी_कॅन_सेंडमेल’ नावाचं बटन आधीपासूनच दिलेलं आहे, ते चालू करायचं. पण तिथेही आधी सगळं बंद करणारेच जास्त भेटतात.

काही हुशार मंडळी बंद करत नाहीत, लॉगमधला प्रत्येक नकार उचलून ‘ऑडिट-टू-अलाऊ’ या साधनातून परवानगीचे नियम तयार करतात. आमच्या बाबतीत त्याचा परिणाम असा झाला असता, की डोव्हकॉटला सर्व्हरवरचं ‘डिफॉल्ट_टी’ लेबलचं सगळंच वाचायची परवानगी मिळाली असती. ते साधन वाईट नाही, पण त्यातून निघालेला नियम वाचायला हवा. नियम बसेपर्यंत सैल सोडायचंच असेल, तर ‘सेमॅनेज परमिसिव्ह’ने एकट्या डोव्हकॉटला सोडता येतं, बाकी सर्व्हरवर पहारा तसाच राहतो आणि डोव्हकॉटच्या चुकाही लॉगमध्ये दिसत राहतात.

‘डिसेबल्ड’ची किंमत नंतर कळते. त्या काळात तयार झालेल्या फाइलींना लेबलच लागत नाही. परत चालू करण्याआधी ‘परमिसिव्ह’वर (अडवायचं नाही, फक्त नोंद) ठेवून अख्ख्या सर्व्हरचं रिलेबलिंग करावं लागतं. ते आम्ही एका रविवारी केलं. कंत्राटदाराचं बिल तोवर मंजूर होऊन गेलं होतं, हे जाता जाता.

शाळा, पतसंस्था, नगरपालिका आपापल्या निविदांमध्ये रॅम किती, डिस्क किती, वॉरंटी किती वर्षांची हे बारकाईने लिहितात. त्यात एक अट वाढवावी: सर्व्हर ताब्यात देताना आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर संस्थेच्या माणसासमोर ‘गेटएनफोर्स’ ही एसईलिनक्सची स्थिती सांगणारी कमांड चालवायची, उत्तर ‘एनफोर्सिंग’ (पहारा चालू) आलं पाहिजे, आणि त्या स्क्रीनची तारखेसह प्रत बिलाला जोडल्याशिवाय पैसे सुटणार नाहीत.

– एक वाचक, सांगली जिल्हा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)